गाऱ्हाणं ऑर्हूसला पोचेपर्यंत

ऑर्हूस, डेन्मार्क
रविवार, २२ फेब्रुवारी २००४

विनिता,

हाताने पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. ऑफिसच्या मेलवर हे लिहिता येत नाही, तिथलं सगळं सगळ्यांना दिसतं. आणि तुझ्या घरी फोन केला तर मामा अर्धा तास माझ्या जेवणाची चौकशी करतो आणि तुझ्या हातात रिसीव्हर येईपर्यंत माझं कार्ड संपतं.

सरळ विचारतो. शुक्रवारच्या फोनवर तुम्ही लोक करता काय? इथे आम्ही सातजण मेजाभोवती बसतो, मधे फोनचा डबा. किर्स्टन विचारते, "डिचोलीत काही अडचण?" आणि तुमचा आवाज बंद. श्वाससुद्धा नाही. मी घड्याळ लावून मोजलंय, चाळीस सेकंद. मग गुरुदास येतो, "नो प्रॉब्लेम, एव्हरीथिंग फाइन." दर शुक्रवारी तेच. किर्स्टन इथली प्रमुख असली तरी आवाज चढवणारी नव्हे. पण परवा तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "त्या चाळीस सेकंदांत ते काय बोलतात?" मी म्हटलं, लाइन खराब असते. तिचा विश्वास बसला नाही, मला दिसलं.

अगं, बोटीवर गाड्या चढवायचं काम आहे हे. कुठली गाडी डावीकडे, कुठली उजवीकडे, दोन्ही बाजूंचं वजन सारखं राहिलं पाहिजे. आपला प्रोग्रॅम सांगेल तसे इथले खलाशी गाड्या लावणार. एक जूनपासून तो बोटींवर चालू होणार आणि त्याच महिन्यात ठरणार की पुढची तीन वर्षं काम डिचोलीला द्यायचं की पोलंडला. सहाजणांच्या नोकऱ्या आहेत. तुमचं "फाइन" ऐकून इथे कोणाला धीर येत नाही, उलट भीती वाटते.

इथे पद्धतच वेगळी आहे. ज्याच्या हातून चूक होते तो शुक्रवारी केक आणतो. आपणच उभं राहून सांगतो, मी हे बिघडवलं, आणि सगळे हसत केक खातात. मी आजवर दोन आणलेत. छाती हलकी होते गं. तुम्हीही बोला ना! भिकाजी सर तिथे आहेत, ते सांभाळून घेतील.

आईला सांग, थंडी सोसते. आपण जन्मभर कोकणीत भांडलो आणि कागद समोर आला की मराठीच सुचते, गंमत आहे.

सर्वेश

⁕

मुळगाव, डिचोली (गोवा)
४ मार्च २००४

सर्वेश,

वा रे वा! पाच महिन्यांत साहेब झालास. केक खाऊन छाती हलकी होते म्हणे. इथे ये आणि गुरुदासची छाती बघ.

जानेवारीत तुझ्या किर्स्टनने त्याला सगळ्यांसमोर काय सांगितलं आठवतं? "हे चुकीचं आहे, पुन्हा करा." एवढंच. तुमच्याकडे त्यानंतर कॉफी झाली असेल. आमच्याकडे गुरुदासने डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याला वाटलं नोकरी गेली. सरांनी त्याला पाठीवर हात ठेवून चहाला नेलं तेव्हा कुठे माणसात आला. आणि तू म्हणतोस, बोला.

चाळीस सेकंदांत काय होतं ते ऐक. आमच्या फोनवर तांबडा दिवा आहे. तो पेटलेला असला की आमचा आवाज तुमच्याकडे जातो, विझवला की जात नाही. तुझी बाई विचारते, गुरुदास दिवा विझवतो, आणि आम्ही सगळे सरांच्या तोंडाकडे बघतो. सर म्हणतात, "हांगाचें हांगा बघूया, तेंका कित्याक सांगूंक जाय?" गुरुदास दिवा पेटवतो, "फाइन." झालं. यात लबाडी काय आहे? इथलं इथे बघायचं, घरातली गोष्ट पाहुण्यांसमोर काढायची नाही, एवढंच. खाणीच्या ऑफिसात नदीतल्या बार्जवर माल चढवायचं गणित सर वीस वर्षं करत होते, तिथेही हेच. वरिष्ठ बोलणार, बाकीचे मागे उभे राहणार. मला कीबोर्डवर बोट ठेवायला त्यांनी शिकवलं. बाबा नोकरीला नको म्हणत होते, तर सर स्वतः आमच्या दारापुढच्या बालकांवात येऊन दोन तास बसले. त्या माणसाच्या पुढे होऊन मी बोलू?

आता एक विचारते, नीट उत्तर दे. समज, एखादीला एक चूक सापडली. साधी नव्हे, खरी. आणि ती कोणाला सांगितली तर एका माणसाचं नाव जातं, नाही सांगितली तर त्याहून वाईट होऊ शकतं. तिने काय करावं? केक आणू नको म्हणजे झालं.

दिवसभर हातात काम टिकत नाही. खाणीचे ट्रक दारावरून जातात, घरभर तांबडी धूळ बसते, मी पुसते आणि पुन्हा बसते. आई म्हणते, हिला झालंय काय.

विनिता

⁕

ऑर्हूस
१५ मार्च २००४

विनू,

"समज" म्हणे! आमच्या घरची लोणच्याची बरणी फुटली तेव्हाही तू आईला असंच विचारलं होतंस, "समज आत्या, कोणाच्या हातून बरणी फुटली..." आणि बरणीचे तुकडे तुझ्याच फ्रॉकमध्ये होते.

चूक तुझी आहे, ओळखलं मी. आणि घाबरलीस. अगं वेडे, तू चांगली प्रोग्रॅमर आहेस, एका चुकीने कोणाचं नाव जात नाही, तुझं तर मुळीच नाही. ऊठ आणि सरांना सांग. ते रागावतील, दुरुस्त करतील, आणि शुक्रवारी तू स्वतः फोनवर बोल. मी इथे समोर बसलेला असेन. पाहिजे तर केक मी आणतो तुझ्या नावाचा.

एक सांगू? इकडे येण्याआधी मीही तुमच्यासारखाच होतो. वरच्याच्या तोंडाकडे बघायचं आणि मान हलवायची. आता मागे वळून बघितलं की लाज वाटते. जे आहे ते आहे म्हणून सांगायचं, त्यात अपमान कसला? दोन महिने प्रयत्न कर, सवय होते.

सर्वेश

⁕

मुळगाव
२७ मार्च २००४

सर्वेश,

"ऊठ आणि सरांना सांग." वाचून मी हसले, मग चुलीपाशी बसून रडले. आईला सांगितलं, काजू भाजल्याचा धूर गेला डोळ्यांत.

चूक माझी नाही. आता डोकं चालव, नाहीतर राहू दे.

सापडली कशी ते सांगते. तुमच्या लोकांनी तपासणीचे तीनशे प्रकार लिहून पाठवले होते, सगळे पास झाले. मग मी म्हटलं, हे सगळे प्रकार शहाण्या माणसांचे आहेत. आपण केरीची फेरीबोट घेऊ. तिथे काय होतं? गाडी फेरीवर चढते, दोर सुटणार इतक्यात बायको म्हणते, पावांची पिशवी दुकानावर राहिली. गाडी मागे! आणि तिच्या जागी दुसरी घुसते. तसं करून बघितलं. डावीकडचा ट्रक शेवटच्या पाच मिनिटांत परत पाठवला, दुसरा आत घेतला. तुमच्याकडे असं कोणी करत नसेल म्हणून कोणी तपासलं नाही. पण तीन महिन्यांत एक तरी करील ना? एकाची तरी बायको पाव विसरेल?

त्यातून जे निघालं ते लिहीत नाही. समज, बोट कलू शकते.

ज्यांचा तो भाग आहे त्यांच्याशिवाय त्याला कोणी हात लावत नाही, आणि मी त्यांना दोनदा सांगितलंय. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "चेडवा, जून जाऊन दे. काम मेळूंक दे. मागीर हांव गुपचूप दुरुस्त करतां." पोरी, नंतर करतो, असं रागाने नाही म्हणाले, विनवणीने म्हणाले. तेच मला सहन होत नाही. ते स्वतःसाठी करत नाहीत रे, आम्हा सहाजणांसाठी गप्प आहेत. आणि मी त्यांच्यासाठी. आणि तिकडे कोणीतरी आपली पोरं गाडीत बसवून बोटीवर चढणार.

सोळा एप्रिलला, शुक्रवारी, आम्ही शेवटची आवृत्ती पाठवणार. सरांची रीत तुला ठाऊक आहे, मोठं काम पाठवायच्या आधी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. या वेळी ते फोनच्या वेळेला पडतं. त्या दिवशी नीट कान दे. कोकणी विसरला नाहीस ना?

विनिता

⁕

ऑर्हूस
१८ एप्रिल २००४

विनू,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितोय.

तुझं मागचं पत्र ईस्टरच्या आधी मिळालं. तेव्हा अर्धवट कळलं होतं. मनात म्हटलं, विनिताला राईचा डोंगर करायची सवय आहे, आणि चार दिवस सुट्टीत हिंडलो. खोटं कशाला सांगू?

परवा काय झालं ऐक. किर्स्टनने विचारलं, "सगळं तयार?" तुमच्याकडून कोणी उत्तर दिलं नाही. मी मनात चाळीस मोजायला लागलो, आणि मधेच आवाज आला. बंद नव्हता फोन. सरांचा आवाज, आमच्या कोरगावच्या देवळातला, तो ऑफिसातला नव्हे.

"बा देवा म्हाराजा!"

आणि तुम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!"

लहानपणी त्यांच्या पाठीमागे उभा राहून मीही तसाच ओरडायचो. माझ्या तोंडून निघणारच होतं, मेजावर हात दाबून गप्प बसलो.

"आज ही सगळी लेकरां तुझ्या पायांकडे उबी आसत. ह्यो नारळ मान्य करून घे." व्हय म्हाराजा. "जां काय चुकलां माकलां आसात, तां पदरात घे." व्हय म्हाराजा. मग सर थांबले. बराच वेळ थांबले. आणि म्हणाले, "डाव्या बाजूची गाडी परत गेली तरी तिचां वजन बोटीर रवता, म्हाराजा. खरां वजन कमी, पडद्यार जास्त. उजवेकडे भर पडत रवतली आणि बोट कलतली. ही चूक पोरांची न्हय. ती माझी, भिकाजीची. माका तोंड नाय कोणाक सांगूक, म्हणान तुका सांगतंय."

तुमच्यापैकी कोणाला "व्हय म्हाराजा" म्हणता आलं नाही. मग कुठूनतरी एक बारीक आवाज आला. तुझा होता ना?

किर्स्टन माझ्याकडे वळली. सगळेच वळले. "काय म्हणतायत ते?"

विनू, मी म्हटलं, "प्रार्थना आहे. काम यशस्वी व्हावं म्हणून."

तिने डोळे मिटून मान लववली. मग तिने आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या!

मी काय करणार होतो? तो माणूस देवाशी बोलत होता. चुकून उघड्या राहिलेल्या फोनवरून ऐकलेलं मी मेजावर मांडू? आमच्या गावचे ते गाऱ्हाणं घालणारे. माझ्या मुंजीत ते होते. मी त्यांची लाज राखली. तुम्ही आता लगेच दुरुस्त करा, आणि दुसरं काहीतरी कारण सांगून नवी आवृत्ती पाठवा. तीन मेला ती इथे बसवणार आहेत. तोवर वेळ आहे.

हे सगळं बरोबर आहे असं मी स्वतःला दोन दिवस सांगतोय.

सर्वेश

⁕

मुळगाव
२१ एप्रिल २००४

सर्वेश,

पाच दिवस झाले. तुमच्याकडून एक शब्द नाही! शेवटची आवृत्ती गेली म्हणून पुढचे दोन शुक्रवार फोनही बंद. बोलत का नाही तुम्ही?

गाऱ्हाणं तुम्ही ऐकलंत हे आम्हाला ठाऊक आहे. संपलं तेव्हा गुरुदासचं लक्ष गेलं, दिवा पेटलेलाच. आपणच विझवायला विसरलो म्हणून तो तेव्हापासून स्वतःला खातोय. आणि तिकडून आलं काय? टाळ्या. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. इतकी मोठी चूक ऐकून टाळ्या वाजवतात ही कसली माणसं? टोमणा होता का तो? गुरुदास म्हणतो, त्यांनी पोलंडचं नक्की केलं असणार, आता कशाला बोलतील.

सरांनी दुसऱ्याच दिवशी ती चूक दुरुस्त करायला घेतली. पण दुरुस्त केलेलं पाठवायचं तर वरून विचारणा यायला हवी, तुझ्या बाईची सही हवी, तिने काही विचारलेलंच नाही. सर रोज इस्त्रीचा शर्ट घालून येतात आणि फोनपाशी आपलं लाकडी कदेल ओढून बसतात, शिक्षा ऐकायला यावं तसे. ड्रॉवर रिकामा केलाय. वीस वर्षांची पट्टी, पेनं आणि चौकटीतलं लक्ष्मीचं पिंतूर, सगळं एका पिशवीत भरून पायाशी ठेवलंय.

तू तिथे सगळं सरळ सांगतोस ना? मग त्यांना विचार, आमच्या सरांना असं टांगून का ठेवलंय. मला आता बसवत नाही. रिंग वाजली की सगळे उठून उभे राहतो.

विनिता

⁕

(पेडणे बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानातून पाठवलेला फॅक्स)

२९ एप्रिल २००४

चि. सर्वेश यास भिकाजीचे आशीर्वाद.

तुझे अठरा तारखेचे पत्र काल आले. विनिताने ते मला वाचायला दिले. तिला बोल लावू नकोस.

प्रथम मी हे इंग्रजीत लिहायला बसलो. तीन वेळा लिहिले. प्रत्येक वेळी असे काही झाले की चूक आढळून आली, चूक नजरेस आली, चूक राहून गेली. केली कोणी ते कुठेच येईना. वीस वर्षे कचेरीतले इंग्रजी लिहून हाताला तेच वळण लागले आहे. म्हणून मराठीत लिहितो. तू आमच्या शब्दांत घेऊन त्यांच्या शब्दांत दे.

तू माझी लाज राखलीस असे लिहिले आहेस. बाळा, ती राखायला मी तुला सांगितले नव्हते.

गाऱ्हाणे घालणारा डोळे मिटून घेतो असा सगळ्यांचा समज असतो. मी त्या दिवशी मिटले नव्हते. नारळाच्या शेजारीच फोन होता. तांबडा दिवा पेटलेला मला दिसत होता. पहिल्या "व्हय म्हाराजा"ला दिसला. हात पुढे केला असता तर विझवता आला असता. मी मधे थांबलो तो त्याचसाठी. विझवू की नको याचा विचार करत होतो. मग म्हटले, देवाने कान उघडेच ठेवले आहेत तर मी कशाला झाकू.

म्हणजे ते मी देवाला जसे सांगितले तसे त्या बाईलाही सांगितले. तेरा दिवस मी तिच्या उत्तराची वाट बघत बसलो आणि तिच्यापर्यंत ते पोचलेच नव्हते. माझ्या जन्मात एवढे अवघड वाक्य मी दुसरे बोललो नाही. ते तू मधे अडवून ठेवलेस.

सोमवारी ते प्रोग्रॅम बोटींवर बसवतील. त्याआधी हा कागद जसा आहे तसा वाचून दाखव. एक शब्द मऊ करू नकोस.

भिकाजी

⁕

ऑर्हूस
२ मे २००४

विनू,

फॅक्सचं मशीन आमच्याकडे कॉफीच्या खोलीत आहे, सगळ्यांचं मिळून एक. गुरुवारी मी पोचलो तेव्हा किर्स्टन तो कागद हातात धरून उभी होती, उलटासुलटा करून बघत होती. "गोव्याहून आलाय. वर छापलेली तारीख तेवढी कळते. काय लिहिलंय?"

मला तिथल्या तिथे पळून जावंसं वाटलं. खरंच सांगतो, दाराकडे बघितलं मी. "घरचं पत्र आहे" म्हटलं असतं तर तिने लगेच दिलं असतं. जिभेवर आलं होतं.

उभ्या उभ्या वाचलं. पहिल्यांदा मनात, मग मोठ्याने, एक ओळ मराठी, एक इंग्रजी. "ती राखायला मी तुला सांगितले नव्हते" हेही वाचलं. तिथे मी अडखळलो. ती थांबली. मग वाचलं.

तिने विचारलं, "तुला किती दिवस माहीत होतं?"

"तेरा."

"मी टाळ्या वाजवल्या," ती म्हणाली. "त्या माणसाने हे सांगितलं आणि मी टाळ्या वाजवल्या." तिचे डोळे भरले होते, रागाने की कशाने ते मला अजून कळलेलं नाही. मग ती म्हणाली, "आवाज ऐकून मला वाटलं होतं की ही प्रार्थना नव्हे. मी माझ्या कानांपेक्षा तुझ्यावर विश्वास ठेवला." इथली माणसं सरळ बोलतात म्हणून मी तुला किती कौतुकाने लिहायचो! सरळ बोलणं अंगावर आलं की कसं लागतं ते त्या दिवशी कळलं. मीही त्या दिवशी डबा उघडला नाही, गुरुदासला सांग.

सोमवारचं बसवणं रद्द झालं. सरांची दुरुस्त आवृत्ती तिने मागवली आहे, हे पत्र पोचेपर्यंत तुम्हाला निरोप मिळाला असेल. बोटी एक जूनऐवजी पंधराला नव्या प्रोग्रॅमवर जातील. जूनची वाट न बघता त्यांनी ठरवलं, तीन वर्षांचं काम मिळणार नाही, एकच वर्षाचं मिळेल, मग पुन्हा बघतील. पण तुझी ती केरीच्या फेरीची तपासणी तिने भिंतीवर लावली आहे. खाली लिहिलंय, "पाव विसरलेली बायको." सगळ्या प्रोग्रॅमना आता ती लावणार म्हणते. तुझं एकवीस तारखेचं पत्र शुक्रवारी मिळालं, तेही तिला वाचून दाखवलं. सरांनी पिशवी सोडून सामान परत ड्रॉवरमध्ये ठेवावं, असं मला त्यांना सांगायला सांगितलंय. मी सांगितलं की हे मी मधे राहून सांगणार नाही, तुम्हीच फोनवर सांगा.

शुक्रवारी केक नेला. उभा राहिलो आणि म्हटलं, भिकाजी सर बोलले ते मी बदलून सांगितलं. कोणी हसलं नाही. पण खाल्ला सगळ्यांनी. मी तुला मार्चमध्ये लिहिलं होतं ना की छाती हलकी होते? होत नाही गं. पहिले दोन केक लहान चुकांचे होते.

तुला किती शिकवत होतो मी. ती सगळी पत्रं फाडून टाक.

सर्वेश

⁕

मुळगाव
१५ मे २००४

सर्वेश,

पत्रं फाडणार नाही. म्हातारी झाले की तुझ्या पोरांना वाचून दाखवीन.

सामान ड्रॉवरमध्ये परत गेलं. लक्ष्मी मेजावर आली. पण मला काही चैन पडेना. कालच्या फोनवर तू होतास, अर्धं तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. कारण या खोलीत काय झालं ते तुला दिसलं नाही.

गोष्ट अशी की, गुरुदास दिवा विझवायला विसरला नव्हता. त्याने विझवला होता. सरांनी नारळाला हळदकुंकू लावायला घेतलं, सगळ्यांचं लक्ष तिकडे, आणि मी बोटाने दाबून परत पेटवला. मला ठाऊक होतं की देवासमोर सर खोटं बोलणार नाहीत, आणि आमच्यासमोर खरं बोलणार नाहीत. म्हणून त्यांच्या देवाचाच मी फास केला. ज्यांनी मला बोट धरून शिकवलं त्यांच्यावर त्याच बोटाने. तुला मी मोठ्या तोंडाने लिहिलं "कान दे", पण पेटवलं मी हे तुलाही लिहिलं नाही. सरांच्या फॅक्सची नक्कल मी दहादा वाचली. दिवा दिसत होता लिहिलंय, कोणी पेटवला ते लिहिलेलं नाही. महिनाभर गुरुदास शिव्या खातोय आणि मी गप्प. तुला हसणारी मी!

काल किर्स्टनने विचारलं, "डिचोलीत काही अडचण?" गुरुदासचा हात सवयीने फोनकडे गेला. मी तो धरला. म्हटलं, राहू दे पेटलेला.

आणि कोकणीत बोलले, सरांकडे बघून. इंग्रजीत मला जमलं नसतं. "सर, त्या दिसा दिवो गुरुदासान न्हय, हांवें पेटयिल्लो. तुमकां फशिवन पेटयिल्लो."

तू तिकडे मोजलंस की नाही कोण जाणे, मी सेकंद मोजले, चाळीसच्या पुढे गेले. तुमच्या बाजूला कोणाची तरी कपबशी वाजली, एवढंच. सर माझ्याकडे बघतच नव्हते, लक्ष्मीच्या पिंतुराकडे बघत होते. मला वाटलं, आता पिशवी परत निघाली.

मग सर म्हणाले, "व्हय म्हाराजा."

देवळात म्हणतात तसं नाही, हळू, एकट्याने. नेहमी ते बोलतात आणि आम्ही म्हणतो, ते कधी म्हणत नाहीत. त्यांच्या मागोमाग गुरुदास म्हणाला आणि मग बाकीचे. तिकडे किर्स्टनने तुला विचारलेलं मी ऐकलं, आणि तू जे सांगितलंस तेही शब्दन् शब्द ऐकलं. काही मऊ केलं नाहीस. बरं केलंस. लागलं मला.

फोन ठेवल्यावर सगळे आपापल्या जागेवर कामाला लागले. रागाने असेल की लाजून, मला विचारवेना. संध्याकाळी मी जिन्यातून उतरत होते तर सर खाली चपला घालत होते. मी थांबले. त्यांनी वर न बघता पट्टा लावला, पिशवी खांद्याला अडकवली आणि बसच्या वाटेला लागले. चार पावलं गेले आणि तिथूनच ओरडले:

"चेडवा, फुडल्या शुक्राराक केक तुजो. आनी हांगाचो नाका, म्हापशाचो घेवन यो!"

विनिता